हौसाची भीती
कॅन्सरपायी एक स्तन काढला, तेव्हापासून केमोच्या दिवशी हौसाची भीती घरातल्या बायका आळीपाळीनं अंगावर घेत, एकमेकींचे उपास धरावेत तशी. भीती एकीतून दुसरीत नेणारे दोन पट्टे होते: एक हौसाच्या दंडावर, दुसरा तिच्यासाठी भिणारीच्या. आज धाकटी जाऊ रुक्मा भीत होती. हौसा ओवी गुणगुणत कणीक मळत होती आणि रुक्मा भिंतीला टेकून घामानं निथळत होती.

"काकी, सोड आता. मी घालते," हौसाची लेक तनुजा म्हणाली.

"तू नको गं बाई. तू सोडून कुणीबी," रुक्मा म्हणाली.

"का? माझी आई न्हाई व्हय ती?"

तनुजानं पट्टा ओढून काढला नि आपल्या दंडावर चढवला. क्षणभरात तिचा हात आपसूक स्वतःच्या छातीवर गेला आणि तिथंच चाचपडत राहिला.

"आई, तू मरणाला भीतच न्हाईस. माझ्यासाठी भितीस. मलाबी हुनार का गं?"

हेच तर हौसानं इतके दिवस जिवापाड लपवलं होतं. पण लपवायलाही भीती लागते, आणि ती आता लेकीच्या दंडावर होती.

"व्हय गं. तुझं रक्त तपासलं तवाच डॉक्टर म्हणाले, बहुतेक हुईल," हौसा शांतपणे म्हणाली आणि कणकेला तेलाचा हात लावू लागली.