सहाची पाळी

"काका, तुम्हाला हिची घाण नाही वाटत?"

हे विचारून दाखवायची मैत्रिणींनी पैज लावली होती, आणि पैजेला नाही म्हणेन तर ती मी कसली! शाळेने आम्हाला संशोधन केंद्र दाखवायला नेलं होतं. समोर गादीवर माझ्यापेक्षा जराशी जाड डुकरीण पडली होती, मागचे पाय लुळे. तिची देखभाल करणारे काका ओल्या फडक्याने तिची पाठ पुसत होते. माझ्यामागे सगळ्या फिदीफिदी हसल्या.

काका मात्र चिडले नाहीत. "घाण कसली? तिच्या मज्जारज्जूला इजा आम्हीच केलीय, अशी इजा झालेली माणसं पुन्हा कशी चालतील ते शोधायला. तिला कूस बदलता येत नाही. दर दोन तासांनी वळवावं लागतं, नाहीतर अंगाला जखमा होतात. आधी मला भीती वाटायची गं, चुकून दुखवलं तर?" त्यांनी एक हात तिच्या खांद्याखाली घातला, एक कमरेखाली. "चला राणीसरकार, वळा!"

डुकरिणीने समाधानाने घुर्र केलं.

परतीच्या बसमध्ये मी मैत्रिणींच्या घोळक्यातून उठून खिडकीशी जाऊन बसले.

घरी पोचले तेव्हा सहा वाजत होते. आई-बाबा रोजच्यासारखे दादाच्या खोलीकडे निघाले होते. त्याच्या अपघाताला दोन वर्षं झाली, आणि या वेळी मी नेमकी गच्चीवर पळते. आज दारातच आडवी उभी राहिले.

"उद्यापासून या वेळी तुम्ही दोघं जरा फिरून येत जा. फक्त आज मला एकदा नीट दाखवा, मग सहाची पाळी माझी. आणि राजेसाहेबांना सांगा, वळायला तयार राहा म्हणावं!"