बोकडांनी पाडलेली गाडी

"बोकडं झुंजत होती, त्यांच्या धडकेनं तुमची गाडी पडली," सुकन्यानं नवऱ्याला सांगितलं. परमेश्वर पाना घेऊन अंगणात बसला. क्लचचा वाकलेला लिव्हर काढून त्यानं नवा बसवला आणि ब्रेकच्या बाजूला आला, तर तिकडचाही वाकलेला. त्याला मोठं नवल वाटलं.

"एकदाच पडली, तर दोन्ही अंगांचे लिव्हर कसे काय वाकले गं?"

"मी उचलाया गेले, तर पलीकडं कलंडली," सुकन्या खरचटलेलं कोपर पदराखाली घेत म्हणाली.

परमेश्वरनं त्या कोपराकडं एकवार बघितलं. त्यानं दुसराही लिव्हर बसवला, पण नट मात्र ढिलेच ठेवले.

"बस बरं गाडीवर. तुझी बोटं नीट पोचत्यात का बघू, मगच आवळतो."