एकट्याने चालवायची गाडी

“हे वेल्डिंग चालणार नाही,” स्टिअरिंगखालून डोकं बाहेर काढत इंजिनिअर म्हणाला. “धडक बसली तर हा दांडा गुडघ्यात घुसेल. पट्टी बोल्टने बसवा आणि मग या.”

गुडघ्यात काही घुसलं तरी तिच्या नवऱ्याला कळणार नव्हतं. अपघातानंतर कमरेखाली त्याला काही कळतच नव्हतं. पण तिने वाद घातला नाही. “बरं,” म्हणाली आणि गाडी पुन्हा गॅरेजकडे वळवली.

जुन्या ऑटोमॅटिक गाडीला मिस्त्रीने हाताने चालवायचा दांडा बसवला होता. पुढे ढकलला की ब्रेक, खाली दाबला की वेग. पायांचं काही कामच नाही. पण बदल केलेल्या गाडीला इंजिनिअरची सही लागते. सही नाही तर नोंदणी नाही, आणि नोंदणीशिवाय गाडी रस्त्यावर काढायची सोय नाही.

मिस्त्री वैतागला. “वहिनी, हा माणूस गाड्या पास करायला बसलाय की नापास करायला? माझ्या ओळखीचा दुसरा आहे. डोळे मिटून सही करतो.”

“डोळे मिटून पास झालेल्या गाडीत मी त्यांना बसवू? बोल्ट लावा.”

घरी वेगळंच रडगाणं. नवऱ्याला गाडीचं नावही नको होतं. पलंग आणि खिडकी एवढ्यावर त्याने संसार मांडला होता.

“मला कुठे उंडारायला जायचंय? हवं-नको बघायला तू आहेस ना.”

तिने त्याच्या मांडीवर पाट ठेवला, त्यावर कांदे आणि सुरी. “आज भाजी तुम्ही चिरा.”

चाकाच्या खुर्चीतून हात पोचेल इतका स्वयंपाकाचा ओटा तिने तोडून खाली घेतला होता. दारांच्या कड्या खाली आणल्या होत्या, न्हाणीघरात धरायला दांडे ठोकले होते. मागच्या गल्लीत राहणारी नणंद हे बघून डोळे पुसायची. “माझ्या भावाचं नशीब थोर गं. तुझ्यासारखी बायको दिवा घेऊन शोधली तरी मिळायची नाही.”

“ताई, तुम्ही त्यांना कणीक मळून देता ती तेवढी देऊ नका. त्यांचं त्यांना करू द्या.”

बोल्ट पास झाले. घोडं अडलं ते सीटवर.

“ड्रायव्हरशेजारची सीट कुठे गेली?” इंजिनिअरने विचारलं.

“काढली. तिथे खुर्ची ठेवायची आहे.”

“खुर्ची डिकीत टाका की. सीट राहू द्या, तुम्हाला बसायला होईल. तुम्ही सोबत असालच.”

“डिकीत टाकायला दुसरं माणूस लागतं,” ती म्हणाली. “त्यांना एकट्याला जमलं पाहिजे.”

इंजिनिअरने चष्मा काढून तिच्याकडे नीट पाहिलं. नवऱ्याचा मान इतका जपणारी बायको त्याच्या पाहण्यात नसावी. त्याचा आवाजही जरा मऊ झाला. “मग खुर्ची पट्ट्याने जखडा. नाहीतर ब्रेक करकचून लावला की त्यांच्याच अंगावर येईल. आणि तो पट्टा त्यांनी स्वतः लावायचा, माझ्यासमोर. कोणी हात लावायचा नाही.”

तेव्हापासून अंगणात रोज सराव सुरू झाला. खुर्चीतून सीटवर सरकायचं, खुर्ची घडी करून ओढून घ्यायची, पट्टा लावायचा. कधी घडीच व्हायची नाही, कधी ओढताना खुर्ची हातातून सुटायची. तो शिव्या घालायचा. “बायको आहेस की दुष्मन?”

“काहीही समजा. परत करा.”

एकदा तो लहान मुलासारखा रडला. तिला ते बघवेना. तीही आत जाऊन रडली, मग तोंड धुऊन बाहेर आली आणि म्हणाली, “परत.”

पासिंगच्या दिवशी तो सीटवर सरकला ते झकास. खुर्ची मात्र दाराच्या कडेला अडकली. तो ओढतोय आणि ती हलत नाही. मिस्त्री पुढे धावला, तशी तिने त्याची बाही पकडली. नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. दोन पावलांवर ती उभी होती आणि तिचा जीव तुटत होता. पण ती जागची हलली नाही.

त्याने दात-ओठ खाल्ले, खुर्ची तिरकी केली आणि हिसका देऊन आत घेतली. पट्टा बसल्याचा खट्ट आवाज झाला. मग आवारात दोन फेऱ्या झाल्या, चढावर ब्रेक लावून झाला आणि इंजिनिअरने सही केली.

“बाई, काळीज मोठं घट्ट आहे तुमचं,” तो म्हणाला.

नंबरप्लेट लागली त्या सकाळी नवरा एकटाच गाडी घेऊन गेला. ती दारात उभी राहिली. गाडी वळली त्या कोपऱ्यावरून तिची नजर हटेना.

तो परतला तो दहा वर्षांनी लहान होऊन. “पुलापलीकडे जाऊन आलो. पेट्रोल भरलं, किराणा आणला. एका माणसाचा हात लागला नाही,” खुर्चीतून आत येत तो म्हणाला. “उद्या तुला फिरवतो. मागे बस, राणीसारखी.”

तिने किराणा खालच्या फळीवर लावून ठेवला. मग स्टूल ओढून त्याच्यासमोर बसली. ती इतकी हलकी दिसत होती की तोही हसला.

“अहो, अपघाताच्या आदल्या दिवशी आपलं बोलणं झालं होतं.”

त्याचं हसू विरलं. “ते आता कशाला?”

“मी हे घर सोडून जाते, असं म्हणाले होते,” ती म्हणाली. “ते मी मागे घेतलेलं नाही.”