तीन ताटं वाढ

नालवाडीच्या प्रफुलनं सहा महिने खपून एका मेमरी कार्डाचा ड्रायव्हर लिवला, म्हणजे कॉम्प्युटरले त्या कार्डाशी बोलता यावं असा प्रोग्राम. आज थो साऱ्या जगाले फुकट वाटाचा होता, म्हणून गडी खुशीत. एकच परीक्षा बाकी होती. कार्डाची याद बटन सेलवर चालते. सेल काढला का सारं पुसलं पाह्यजे.

त्यानं कार्डात लिवलं, "रीता, दोन ताटं वाढ." मंग सेल काढून खिशात घातला आन कार्ड घेऊन अर्धा घंटा अंगणात बाजीवर बसला. बायको रीता सैपाकघरात पातोडीचा रस्सा करून राह्यली होती. काय वास सुटला होता!

मंग आतल्या खोलीत येऊन त्यानं कार्ड बिनसेलाचंच कॉम्प्युटरले लावलं. पडदा कोरा पाह्यजे होता. त्यावर होतं, "रीता, तीन ताटं वाढ."

"राह्यली कुठंतरी चूक," म्हणून थो हासला. चूक सापडल्याबिगर वाटाचं नाई, असं ठरवून जेवाले गेला.

तीन ताटं वाढली होती.

"काऊन वं, पाव्हणे येऊन राह्यले का?"

"मश्करी नका करू," रीता म्हणे. "मंगाशी तुमीच त आतल्या खोलीतून सांगतलं."

तवाच आतल्या खोलीतून प्रफुलचाच खुशीतला आवाज आला, "रीता, वाटून टाकलं वं साऱ्यायले!"