पेडव्यांची पाहणी

"सावकाश जेव. एकेक काटा बोटानं काढ आनी त्यांना दिसंल असा ताटाच्या कडेला ठेव," शालनने नवऱ्याला बजावलं.

"आता मला मासे खायाला शिकव," भिवा म्हणाला. पण बोलताना त्याची नजर दाराकडे होती.

पांढरी गाडी गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली होती. उतरलेल्या दोघांच्या गळ्यात 'मत्स्याहार पाहणी' असं लिहिलेली ओळखपत्रं होती. खातं अतिगुप्त. पण मिरकरवाड्यात ट्रॉलर धक्क्याला लागायच्या आधी त्यात काय मिळालंय ते कळतं, तिथे गुप्त काय राहणार! हे लोक मासे बघायला येत नाहीत, परग्रहावरून येऊन माणसांत मिसळलेले पाहुणे धरायला येतात, हे जाळी शिवणाऱ्या म्हाताऱ्यांनाही ठाऊक होतं. घरात शिरतात, जेवायला बसतात आणि दुसऱ्याच्या ताटावर नजर ठेवतात. पाहुणा दिसतो माणसासारखा, बोलतो माणसासारखा, फक्त त्याच्या घशात काटा अडकत नाही.

गेल्या आठवड्यात हर्णेतून एकाला असाच भरल्या ताटावरून उठवून नेला. त्याची बायको अजून संध्याकाळच्या लिलावाला बंदरावर येऊन नुसती उभी राहते म्हणे.

शालनला सकाळपासून तीच बाई डोळ्यांसमोर दिसत होती. लोट्याच्या कंपनीतली नोकरी सोडून भिवा इथल्या बर्फाच्या कारखान्यात लागला, त्याला बरीच वर्षं झाली. तेव्हापासून त्याच्या गावाकडचं कोणी दारात आलं नव्हतं आणि तोही कधी शिमग्याला गावी गेला नव्हता. कोकणातला माणूस शिमग्याला गावी जात नाही म्हटल्यावर लोकांच्या जिभेला हाड कुठलं असणार? कोणीतरी बोललं होतं, म्हणून तर गाडी आली होती.

"नेलं तर?" तिने हळूच विचारलं.

"कोन नेनार न्हाय. मी हाय ना."

गाडीतले दोघं आत आले. साहेबांचं नाव अभय. पन्नाशीचे, गोड बोलणारे. बरोबरची तेजल पुण्याची, नोकरीत नवी. साहेबांनी भिवाशी हात मिळवला आणि सोडायला थोडा वेळ लावला.

"हात फारच गार आहेत तुमचे."

"बर्फात काम हाय, सायेब."

"असं होय," साहेब म्हणाले आणि भिवाच्या बरोबर समोरच्या पाटावर बसले.

शालनने पेडव्यांचं तिखलं, झणझणीत कालवण, आणून ठेवलं. टोप चुलीवरून नुकताच उतरवलेला, तिने तो नुसत्या हातांनी धरला होता. जन्म चुलीपाशी गेलेल्या बायकांना चटक्याचं कौतुक नसतं. तिरफळाचा वास घरभर पसरला. पेडवे म्हणजे वीतभर मासे, पण काट्यांचं कोठारच. तेजल बिचारी एका पेडव्याशी झगडत बसली. साहेब मात्र न बघता खात होते, कारण त्यांचं बघणं दुसरीकडे होतं.

भिवाने पहिला काटा काढला. ताटाच्या कडेला ठेवला. दुसरा ठेवला. एकेक करून काटे निघत होते. शालन पळी घेऊन भिंतीला टेकून उभी होती.

"गाव कुठलं तुमचं?" साहेबांनी विचारलं.

"संगमेश्वराकडं."

"जाता?"

"न्हाय जात. घरच्यांना माझं लग्न पसंत न्हवतं."

"हं," साहेब म्हणाले. त्यांचा डावा हात खिशात गेला आणि तिथेच राहिला.

तेजलला ते सगळं सहन होईना. तिने मान वर केली. "काकी, तुम्ही उभ्या का? तुम्हीपण बसा ना आमच्याबरोबर."

"मी मागनं बसते, बाय. वाढायचं कोनी मंग?"

"आम्ही घेऊ की हाताने. सर, सांगा ना यांना."

"बरोबर आहे तिचं," साहेब हसून म्हणाले. "बसा वहिनी. एक ताट वाढून घ्या."

शालनने भिवाकडे बघितलं. भिवाने आख्खा पेडवा उचलला, तोंडात कोंबला आणि चावायला लागला. काटा बाहेर आला नाही. त्याने घास गिळला, तरी काटा आला नाही.

साहेबांचं हसू गेलं. खिशातून काहीतरी काळं, चपटं अर्धं बाहेर आलं. तेजल पाटावरून उठली. शालनच्या हातातली पळी खाली पडली.

आणि भिवा खोकला. मग घसा धरून खाकरायला लागला. तोंड लाल झालं, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, श्वास घेता येईना. शालन सुक्या भाताचा मुटका घेऊन धावली आणि तिने तो त्याच्या तोंडात घातला. "गीळ! न चावता गीळ!" तिसऱ्या मुटक्याला काटा खाली उतरला. भिवा भिंतीला टेकून धापा टाकत राहिला.

साहेबांनी हात खिशातून मोकळाच बाहेर काढला. "अडकला," ते तेजलला म्हणाले. "चला. माणूस आहे."

तेजलने हात धुतले आणि शरमून ताटं गोळा करायला वाकली.

"राहू दे, बाय. ते काटे मांजराला घालायचेत," शालन म्हणाली.

"काकी, आमच्यामुळे तुमचं जेवण राहिलं. जेवून घ्या हं."

गाडी गेली. भिवाने दाराला कडी घातली आणि मटकन खाली बसला.

"मुद्दाम गिळलास ना रे?" शालनचे डोळे भरून आले. "मेला असतास म्हंजे?"

"मंग काय करनार होतो?" त्याचा घसा अजून बसलेलाच होता. "जेव आता. कालपासून पोटात काय न्हाय तुझ्या."

शालनने तिन्ही ताटं पुढ्यात ओढली. मासे आणि भात भिवासाठी बाजूला काढला, सगळे काटे मुठीत गोळा केले आणि तोंडात टाकून कुडुमकुडुम चावायला लागली.