दोनशे चाळीस वेढे

"हे तुझ्या बापानं करून दिलं," परीक्षक म्हणाले. विचारलं नाही, सांगितलंच.

"नाई सर. तार बाबाच्या दुकानातली हाये. वेढे मी भरले."

मारेगावचं तालुका विज्ञान प्रदर्शन. सतरा नंबरच्या टेबलमागं दहावीतली पायल. समोर पारदर्शक नळीचं गोल कडं, त्यावर तांब्याच्या तारेची चार चुंबकं आणि नळीत सायकलीचा एक छर्रा. कणांना वेग देणाऱ्या यंत्राचं मॉडेल. बटण दाबलं की एक चुंबक छर्‍याला ओढायचं, सोडायचं, मग दुसरं ओढायचं.

"खऱ्या यंत्रात चुंबक कणाले वळवते सर, माह्या मॉडेलमदी ओढते. पन चारही सारखेच पायजे. एक कमजोर निंगालं का छर्रा तिथंच अटकते. म्हनून मी टाचण्या लावून..."

"बाप काय करतो?"

"मोटारी भरते. विहिरीवरच्या. जळाल्या का नवी तार गुंडाळते."

"तेच म्हणतोय मी." त्यांनी नळीचा जोड उघडला, चौथं चुंबक काढलं, चिकटपट्टी फाडली आणि तारेचं टोक धरून खेचत सुटले. रीळ गरगरलं. टेबलवर तारेचा गुंता पडला. "आता भर. माझ्यासमोर. जिल्ह्याला एकच मॉडेल जातं. दुकानातला माल जात नाही."

जोडीदारीण उर्वशीचे डोळे भरले. "पायल, राहू दे वं."

"रडू नको. फडकं दे."

पायलनं तार फडक्यातून ओढून सरळ केली. रिळावर पहिला वेढा घेतला. दुसरा. तिसरा.

तिच्या बाबाच्या, धर्मपालच्या दुकानात एक रीत होती. वेढे मोजताना कोणी बोललं तर तो मान वर करत नसे. पुढचा आकडा तेवढा मोठ्यानं म्हणे. गिऱ्हाईक असो नाहीतर सरपंच.

"नाव काय तुझं?"

"एक्केचाळीस," पायल म्हणाली.

टेबलवर नाव लिहायचं नाही, फक्त नंबर, हा प्रदर्शनाचाच नियम. दारावर कागद चिकटवला होता. खाली सही परीक्षकांचीच.

"नाव विचारलं मी."

"बेचाळीस. त्रेचाळीस."

"पायल हाये सर ते," उर्वशी घाबरून बोलून गेली.

"पायल काय? आडनाव?"

"अठ्ठ्याऐंशी."

"कोणत्या मोहल्ल्यात राहता?"

"एकशे तीस." बोटावर लाल वळ उमटला होता. आता आजूबाजूच्या टेबलांवरची पोरं जमली होती.

परीक्षक वाकले, तिच्या कानाशीच. "तुमच्यातल्यांना सगळं आयतं पाहिजे असतं."

पायलचा हात थांबला. तार सैल पडू लागली.

"एकशे सत्त्याण्णव!" पायल इतक्या जोरात म्हणाली की अख्ख्या हॉलनं वळून पाहिलं.

"एकशे अठ्ठ्याण्णव," उर्वशी म्हणाली.

"एकशे नव्याण्णव," अठरा नंबरवाली पोरं म्हणाली. मग सगळीच.

दोनशे चाळीस. पायलनं पट्टी गुंडाळली, ब्लेडनं तारेची दोन्ही टोकं खरवडून वरचं वार्निश काढलं. टोकं वायरींना जोडली, रिळात बोल्ट घातला, बटण दाबलं, टाचण्यांच्या डबीत बुडवून वर उचललं.

"बाकीचे तीनही अकरा-अकरा उचलते सर. मोजा तुमीच."

परीक्षकांनी एकेक टाचणी ओढून टेबलवर ठेवली. "दहा," ते म्हणाले. चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. "दहाच."

"हातातली मोजा."

त्यांनी चिमटीकडं पाहिलं. पोरं खदाखदा हसली.

पायलनं बोल्ट काढला, चौथं चुंबक नळीवर चढवलं, जोड बसवला. बटण दाबलं. छर्रा सरकला, धावला, चौथ्यापाशी आला आणि सूं करून पार गेला. एक फेरा, दोन, पाच. मग फेरे मोजता येईनात.

"सर, मोजताना बोललं का वेढा चुकते, म्हनून मी जवाब देल्ला नाई." पायलनं लाल झालेलं बोट फडक्याला पुसलं. आवाज अजून तेवढाच मोठा होता. "आता विचारा. काय विचारत होते मघाशी?"

छर्रा अजून फिरतच होता.

परीक्षकांनी गुणांचा कागद पुढं ओढला. पेन टेकवला. आणि आधीच लिहिलेला टेबलाचा सतरा नंबर ते पुन्हा पुन्हा गिरवत राहिले.