येसूबाईंचं शिफारसपत्र

"हुद्दा काय लिहू, आई?" लॅपटॉपवरून मान वर न करता जयवंतीने विचारलं.

जबड्यात जबडा अडकवून दोरीवर टांगलेल्या बोंबलांच्या सावलीत येसूबाई सुकी करंदी, ती बारीक कोळंबी, निवडत बसल्या होत्या. "लिही, भाताच्या टोपावर बसणारी."

"सप्ताह समितीच्या स्वयंपाकप्रमुख," जयवंती पुटपुटली. बोईसरच्या इंग्रजी शाळेत शिकवत असल्यामुळे सासूच्या बोलण्याचं इंग्रजी करणं तिच्याकडे आलं होतं.

समोर गावातलीच सलोनी ओढणीचं टोक पिळत होती. एमबीएच्या प्रवेशपरीक्षेत तिला गुण बरे पडले होते. बरे म्हणजे दारापर्यंत नेणारे, आत नेणारे नव्हेत. पालघरच्या क्लासमधले सर म्हणाले होते, "तुझ्या कंपनीच्या साहेबांचं शिफारसपत्र आहेच, दुसरं एखाद्या वजनदार माणसाचं आण. चान्स वाढेल." वजनदार माणूसही मिळाला होता. "तूच लिहून आण गो, मी सही ठोकतो," म्हणाला. पण फॉर्ममध्ये एक प्रश्न होता: या मुलीची एखादी चूक आणि ती तिने कशी निस्तरली, हे स्वतः पाहिलेलं लिहा. आपली चूक त्याने पाहिली, असं त्याच्या नावाने रचायला सलोनीचा हात धजेना. मुदत आज पाचपर्यंत. म्हणून ती चूक डोळ्यांनी पाहिलेल्या येसूबाईंच्या अंगणात आली होती.

जयवंतीने पुढचं वाचलं. "पुढारपण. आजवर पाहिलेल्या शंभर जणांत हिचा नंबर कितवा?"

येसूबाईंचा हात सुपात थांबला. त्या खरंच विचार करत होत्या. खोटं सांगणाऱ्याला एवढा वेळ लागत नाही.

"दुसरा."

सलोनीने ओढणीला आणखी एक पीळ दिला. "काकी, सगळे पहिलाच लिहितात!"

"मग तेंच्याकडं पहिल्यांचा ढीग पडला आसंल. पहिली आमची जयवंती हाय. देवासमोर खोटं कशाला बोलू?"

जयवंतीची बोटं जागच्या जागी राहिली. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, आणि हे तिच्या कानावर आज येत होतं, तेही दुसरीच्या फॉर्मपायी. तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "आता चूक सांगा, आई."

"ती सगळ्या गावाला ठाव हाय. यंदाचा काला."

यंदा माघातल्या सप्त्याला भाताचा अंदाज बांधायचं काम सलोनीकडे होतं. तिने घरोघरची माणसं मांडली आणि दर्यावर गेलेली वजा केली. काल्याच्या कीर्तनाला कुठलीच बोट दर्यात राहत नाही, हे गावातलं शेंबडं पोरही जाणतं. पण दोन वर्षं तारापूरच्या कंपनीत खोके मोजणाऱ्या सलोनीच्या ते ध्यानातच आलं नाही. पाच बोटी आल्या. तिकडे बुवा रंगात येऊन सांगत होते, की गोपाळांनी शिदोऱ्या कशा सोडल्या नि देवाने त्या एकत्र कशा कालवल्या. माणसं टाळ्या धरून डोलत होती. कीर्तन संपून पंगती बसल्या, आणि इकडे मांडवामागे टोपाने तळ दाखवला. शेवटच्या पंगतीचे चाळीस खलाशी अजून जेवायचे होते.

"ही रडली नाय," येसूबाई म्हणाल्या. "पंगतीत उभी राह्यली, हात जोडले, म्हणाली, चूक माझी, कोणी उठू नका. न आमा बायकांना घरी पिटाळलं. म्हाताऱ्यांची पेज, सकाळच्या भाकऱ्या, लोणचं, काय आसंल ते आणा. सगळं मोठ्या परातीत कालवलं न वाढलं. आगं, बुवा आपलं केळीचं पान उचलून त्या पंगतीला येऊन बसले! न दुसऱ्या दिशी ही एकेका बोटीच्या तांडेलाच्या दारी गेली, कोणची बोट कवा परत येते ते लिवून आणलं."

जयवंती भराभर टाइप करत होती. सलोनी तिच्या खांद्यावरून डोकावली. इंग्रजीत ती चूक आणखीच मोठी दिसत होती.

"वहिनी, भात संपला ते गाळा ना. थोडा उशीर झाला, असं लिहा. हे वाचून मला कोण घेईल?"

"गाळ की," येसूबाई म्हणाल्या. "मग परात पण गाळ. न बुवांना पण उठव पंगतीतनं."

सलोनीने लॅपटॉपवरचं घड्याळ पाहिलं. चार वाजून गेले होते. वाऱ्याने दोरीवरचे बोंबील एकमेकांवर खडखडले. ती म्हणाली, "राहू दे, वहिनी. आहे तसंच जाऊ दे." आणि ओढणीचं पिळलेलं टोक तिने सोडून दिलं.

"शेवटचा प्रश्न," जयवंती म्हणाली. "या मुलीबरोबर पुन्हा काम करायला आवडेल का? कारण द्या."

"हे काय इचारणं झालं?" येसूबाईंनी सूप खाली ठेवलं. "कालेजवाल्यांना आताच सांगून ठेव, पुढल्या माघात सप्त्याला हिला आठ दिस सुट्टी पायजे."

जयवंतीने ते शब्दशः लिहिलं.